निवटीचा पत्ता

मत्स्याहारी मराठी माणसाच्या लेखी मासे दोन प्रकारचे असतात: परवडणारे आणि न परवडणारे. पहिल्या वर्गात बोंबील, मांदेली आणि बांगडा (बांगडा अलीकडे वर्ग बदलण्याच्या बेतात आहे). दुसऱ्या वर्गात सुरमई, हलवा, रावस आणि अर्थातच पापलेट. पापलेटाला तर महाराष्ट्र शासनाने २०२३ साली राज्यमासा म्हणून राजमान्यताही दिली. आमची त्याबद्दल तक्रार नाही. ज्याचा भाव मोठा त्याचा मान मोठा, हा व्यवहार मासळीबाजारातही चालायचाच.

या दोन्ही वर्गांत न बसणारा एक मासा आहे. बाजारातल्या ओट्यावर त्याला जागा नसते. तो तराजूतही चढत नाही. रस्त्याच्या कडेला, एखाद्या मावशींच्या ॲल्युमिनियमच्या टोपात, काळपट पाण्यात वळवळत तो येतो आणि वाट्याने विकला जातो. त्याचे नाव निवटी. कुठे निवटा, कुठे नेवटी. गुजरातच्या किनाऱ्यावर लेवटा. कळव्यात आयुष्य काढलेल्या कितीतरी सुशिक्षितांना आम्ही हे नाव सांगून पाहिले आहे. आगरी-कोळी घरातल्यांचे डोळे चमकतात. बाकीच्यांना ही एखाद्या गावाची वा भाजीची बाब वाटते. हा मासा मात्र त्यांच्या रोजच्या गाडीच्या खिडकीखालीच राहतो.

ठाणे स्थानक सोडून गाडी कळव्याकडे निघाली की खाडी ओलांडते. साष्टी बेट तिथे संपते आणि मुख्य भूमी सुरू होते. १८५३ साली बोरीबंदरहून निघालेली आगगाडी ठाण्याला येऊन थांबली आणि ही खाडी ओलांडून कल्याणपर्यंत जायला १८५४ साल उजाडले, एवढे या पाण्याचे ऐतिहासिक महत्त्व शाळेत सांगतात. भूगोल असा, की मुंबई बंदराकडून आत शिरलेली ही खाडी उत्तरेकडे निमुळती होत होत कळव्यापाशी अगदीच अरुंद होते आणि पुढे एका चिंचोळ्या वाटेने उल्हास नदीच्या मुखाला जाऊन मिळते. भरतीला इथे पाणी दिसते. ओहोटीला जे दिसते त्याकडे बहुतेक प्रवासी नाकाला रुमाल लावून पाठ फिरवतात. तो चिखल. करडा, चकचकीत, ओल्या पाटीसारखा, दुतर्फा तिवरांच्या रांगांपर्यंत पसरलेला. निवटीचे राज्य ते हेच.

आम्ही या चिखलाकडे पाहायला लागलो त्याला आता बरीच वर्षे झाली. पाहण्याची युक्ती एकच: हलायचे नाही. विटाव्याच्या बाजूला खाडीकाठी ओहोटीच्या वेळी पाच-दहा मिनिटे निमूट उभे राहिले की रिकामा वाटणारा चिखल हळूहळू वस्तीला येतो. आधी खेकडे. मग छोट्या बिळांच्या तोंडाशी दोन-दोन गोळे वर येतात, मोहरीहून मोठे, वाटाण्याहून लहान. हे डोळे. डोक्याच्या अगदी माथ्यावर, शेजारी शेजारी, जणू कुणी ते नंतर आणून चिकटवले असावेत. नंतर वीतभराहून आखूड असे तपकिरी, मातकट अंग बाहेर येते, त्यावर फिकट ठिपके. छातीशी असलेल्या दोन पंखांवर भार देऊन, कुबड्या घेतलेल्या माणसासारखी ती पुढे सरकते. पंख पुढे, अंग पुढे, पंख पुढे, अंग पुढे. मग डोके डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे असे फिरवीत चिखलावरून जाते. अंगण झाडणारी बाई जशी झाडू फिरवते तशी ही मुंडी फिरवते आणि मागे चिखलात कंगव्याने ओढल्यासारख्या खुणा उरतात.

हे तिचे जेवण. निवटी शाकाहारी आहे, हे ऐकून आमच्या एका पंचांगनिष्ठ स्नेह्यांना तिच्याविषयी एकदम आदर वाटू लागला. चिखलाच्या पृष्ठभागावर सूक्ष्म शैवालांची, म्हणजे डायटमांची, एक पातळ साय धरते. ऊन पडले की ती सोनेरी-तपकिरी दिसते. निवटी ही साय खरवडून खाते. मुंबईच्या मुत्सद्दी आणि बाळ या दोन संशोधकांनी १९६९-७०च्या सुमारास याच माशाचे खाणे आणि प्रजनन अभ्यासून निबंध लिहिले होते. ते निबंध त्या काळच्या विद्यापीठीय नियतकालिकांत निवांत पडून आहेत. ठाण्याच्या बांदोडकर महाविद्यालयातले प्राध्यापक-विद्यार्थीही गेली काही दशके या खाडीचा अभ्यास करीत आले आहेत. महाविद्यालय चेंदणी बंदरावर, म्हणजे कळव्याच्या अगदी समोर, खाडीला खेटूनच आहे. तेव्हा निवटीची दखल कुणी घेतलीच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. दखल घेतली ती इंग्रजीत घेतली, आणि ती कळव्याच्या बाजूला पोचली नाही, इतकेच.

पाण्याबाहेर हा मासा जगतो कसा, हा कुणालाही सुचणारा प्रश्न. बेडकासारखी फुप्फुसे तिला नाहीत. ती कल्ल्यांच्या पोकळीत पाणी भरून घेते, आणि शिवाय ओल्या त्वचेतून व तोंडाच्या आतल्या अस्तरातून हवेतला प्राणवायू शोषते. म्हणून अंग ओले राहणे तिला जीवनमरणाचे. अधूनमधून ती डबक्यात लोळण घेते, कूस बदलते, पुन्हा उठून कामाला लागते. डोळे कोरडे पडू लागले की ते खालच्या खोबणीत ओढून घेते आणि ओले करून परत वर काढते. आपण याला पापणी लवणे म्हणतो. बाकीच्या बहुतेक माशांना पापणी लववावी लागत नाही, कारण पाण्यात डोळे सुकत नाहीत. निवटीच्या आफ्रिकेतल्या एका भाऊबंदाचे हे डोळे मिचकावणे तपासून अमेरिकेतल्या संशोधकांनी २०२३ साली असे दाखवले की ओलावा, स्वच्छता आणि संरक्षण अशा आपण ज्या तीन कारणांसाठी पापणी लववतो त्याच तिन्हींसाठी तोही ती लववतो. जमिनीवर राहायचे तर पापणी लववणे भाग पडते. मासा असो की माणूस.

तिचे शास्त्रीय नाव बोलिओफ्थाल्मस डुसुमिएरी. ग्रीक भाषेतून आलेल्या पहिल्या शब्दाचा अर्थ साधारण 'फेकलेल्या डोळ्यांचा' असा होतो, आणि तो चपखल आहे. दुसऱ्या शब्दाची कथा अधिक रंजक. ज्याँ-जाक द्युसुमिए हा फ्रान्समधल्या बोर्दोचा जहाजमालक व्यापारी. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याने पूर्वेकडे अनेक सफरी केल्या, आणि व्यापाराच्या मालाबरोबर मासे, पक्षी, कासवे असा नाना तऱ्हेचा ऐवज पॅरिसच्या निसर्गेतिहास संग्रहालयाला नेऊन दिला. तिथे क्युव्हिए आणि वालाँसिएन यांचा माशांवरचा अवाढव्य ग्रंथ चालला होता, बावीस खंडांचा, १८२८ ते १८४९. क्युव्हिए १८३२ साली वारला. पुढचे काम वालाँसिएनने एकहाती नेले. त्यातल्या १८३७ सालच्या बाराव्या खंडात निवटीचे पहिले शास्त्रीय वर्णन आले. आणि ते ज्या नमुन्यांवरून लिहिले गेले त्यांचे ठिकाण म्हणून नाव आहे ते मुंबईचे. द्युसुमिएचे नाव आपल्या आणखी एका लाडक्या माशाला लागलेले आहे: मांदेलीचे शास्त्रीय नाव कोइलिया डुसुमिएरी. थोडक्यात, बोर्दोच्या एका व्यापाऱ्याच्या नावाने आपण आठवड्यातून दोनदा कालवण करतो.

मुंबईच्या अंगणातला हा मासा इराक आणि इराणच्या आखातापासून पाकिस्तानमार्गे आपल्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत आढळतो. पण जगाच्या दफ्तरात त्याचा मूळ पत्ता मुंबईचा आहे, हे आम्हांला फार महत्त्वाचे वाटते. का, ते पुढे सांगू.

कुवेतच्या चिखलावर या माशाचा अभ्यास करताना क्लेटन आणि व्हॉन या दोघांना १९८०च्या आसपास एक विलक्षण गोष्ट दिसली. (त्यांनी माशाला त्याच्या सख्ख्या चुलत भावाचे, बोडार्टीचे, नाव दिले होते, पुढे ती आपली डुसुमिएरीच ठरली.) जिथे वस्ती दाट होते तिथे प्रत्येक निवटी तोंडाने चिखल आणून आपल्या बिळाभोवती बुटके बांध घालते. शेजाऱ्यांचे बांध एकमेकांना भिडतात, आणि सारा चिखल पंचकोनी-षट्कोनी वाफ्यांनी भरून जातो. १९८२ साली त्यांनी या पंचकोनी वाफ्यांवर निबंधच लिहिला. बांधाचे दोन उपयोग. एक, ओहोटीतही वाफ्यात पाणी साचून राहते आणि शैवालाची साय चांगली धरते. म्हणजे हे तिचे शेत झाले. दुसरा उपयोग अधिक मानवी आहे: बांधामुळे शेजारी दिसत नाही, आणि शेजारी दिसला नाही की भांडणे कमी होतात. बांध कोरण्यावरून पिढ्यान्‌पिढ्या दावे लढवणाऱ्या आपल्या शेतकऱ्यांना हा सिद्धान्त उलटा वाटेल. पण लोकलच्या डब्यात समोरच्याशी नजरानजर टाळण्यासाठी वर्तमानपत्राचा बांध घालणाऱ्या आमच्यासारख्या कळवेकरांना तो लगेच पटतो.

नर निवटीला मात्र दिसायचे असते. विणीच्या दिवसांत तो पाठीवरचे शिडासारखे पंख ताठ उभारून चिखलावरून सरळ वर उडी घेतो आणि पोटावर आपटतो. पुन्हा उडी, पुन्हा आपटणे. दुरून पाहिले तर चिखलातून कुणी ठिणग्या उडवते आहे असे वाटावे. मादी राजी झाली की अंडी बिळात. पण भरतीच्या वेळी बिळातल्या चिखलपाण्यात प्राणवायू जवळजवळ नसतो, मग अंडी जगतात कशी? याचे उत्तर निवटीच्या आप्तांमध्ये सापडले. मलेशियाच्या चिखलातला एक मोठा चिखलमासा तोंडात हवा भरून बिळात नेतो आणि वरच्या घुमटीत तिचा साठा करतो, हे इशिमात्सु आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली 'नेचर'मध्ये प्रसिद्ध केले. पुढे जपानी जातीत असेही दिसले की पिल्ले बाहेर पडायची वेळ आली की बाप ती हवा पुन्हा तोंडाने बाहेर काढतो. पाणी अंड्यांना भिडते आणि पिल्ले सुटतात. घोट घोट हवा वाहून नेणाऱ्या या बापाविषयी वाचल्यापासून, मासे थंड रक्ताचे असतात हे वाक्य आम्ही जरा जपून उच्चारतो.

आता मावशींकडे येऊ. कळव्यात सकाळी रस्त्याच्या कडेला बसणाऱ्या या मावशी आमच्याहून वयाने पुष्कळ मोठ्या. निवटी विकणे हा त्यांचा रोजचा धंदा नव्हे. त्या मुख्यतः कोलंबी, बोय, चिंबोऱ्या असे खाडीतले मिळेल ते आणतात. निवट्या असल्याच तर टोपात वेगळ्या. एकदा आम्ही विचारले, मावशी, पाणी बदलत नाही का यांचे? त्या हसल्या. "याला पानी नको, याला चिखल पायजे. पानी गेला का हा बाहेर, पानी आला का हा घरात." मुत्सद्दी-बाळ यांच्या निबंधांत हेच बऱ्याच अधिक शब्दांत असावे.

पकडण्याची त्यांची रीत ऐकण्यासारखी आहे. जाळे नको, गळ नको. ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरायचे. निवटी माणूस पाहताच बिळात शिरते. बिळाला तोंडे एकाहून अधिक. एक तोंड टाचेने दाबून बंद करायचे आणि दुसऱ्यात हात घालायचा, खांद्यापर्यंत. बोटांना अंग लागले की घट्ट धरायचे. सुटली तर गेली. "निवटणे" हे क्रियापद आपल्या भाषेत शत्रूचा निःपात करण्यासाठी वापरतात, पण निवटीला निवटणे हे येरागबाळ्याचे काम नव्हे. अंग इतके बुळबुळीत की घरी आणल्यावर राखेत चोळल्याशिवाय हातात राहत नाही. मग डोके काढून, स्वच्छ धुऊन, लसूण, हिरवी मिरची, घरचा आगरी मसाला आणि उन्हाळा असेल तर कैरीच्या फोडी घालून आंबट कालवण. काटा एकच, मऊ. चव? आम्ही ती गोड म्हणू. मावशी म्हणतात, चिखलाची. आणि त्यांच्या तोंडी ती स्तुती असते.

या चवीचाच प्रश्न आता बिकट झाला आहे. १९६०च्या दशकापासून ठाणे-बेलापूर पट्ट्यात रसायनांचे कारखाने उभे राहिले. दोन्ही काठांवरची शहरे वाढली, आणि त्यांचे सांडपाणी खाडीला मिळाले. खाडीच्या गाळात जड धातू साठतात हे अभ्यासकांनी वेळोवेळी मोजून दाखवले आहे. गाळावरची साय खाणाऱ्या, गाळात घर करणाऱ्या आणि त्वचेतून श्वास घेणाऱ्या माशाच्या अंगात काय जात असेल ते सांगायला प्रयोगशाळा नको. आम्ही स्वतः आता वर्षाकाठी एखाददुसरा वाटा घेतो. मावशींच्या घरी जुनी माणसे अजून आवडीने खातात. सुना मुलांना देत नाहीत. पाककृती अशाच मरतात. ती विसरण्याचे कारण नसते, करण्याची भीती वाटू लागते. हे नुकसान कुणी कुठे नोंदवत नाही, कारण निवटीच्या कालवणाला हॉटेलच्या मेन्यूकार्डावर कधी जागा नव्हती.

तरी निवटी टिकून आहे. ती कणखर आहे. ज्या पाण्यात बाकीचे मासे गुदमरतात त्या पाण्याला पर्याय म्हणून तिच्याकडे हवा आहे. प्रदूषणाने ती एकवेळ मरणार नाही, असे आम्हांला वाटते. तिचे मरण आहे ते चिखल संपण्यात.

आणि इथे गोष्ट थोडी गुंतागुंतीची होते. गेल्या वीस वर्षांत खाडीच्या रक्षणाचे काम झाले नाही असे कुणी म्हणू नये. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली खारफुटी तोडण्यावर बंदी आणली आणि २०१८च्या निकालाने तिला पक्के रूप दिले. राज्याचा कांदळवन कक्ष २०१२ साली स्थापन झाला. २०१५ साली ठाणे खाडीचा १,६९० हेक्टरांचा भाग फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला, आणि २०२२ साली साडेसहा हजार हेक्टर क्षेत्राला रामसर पाणथळ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. हे सारे चांगलेच झाले. पण झाडाला संरक्षण मिळाले, पक्ष्याला मिळाले. त्या दोघांच्या मधोमध जो उघडा चिखल आहे तो नजरेत भरत नाही. फ्लेमिंगो कच्छहून हिवाळ्यात येतो, आणि त्यातला छोटा रोहित निवटीच्याच ताटातली शैवाले खातो. पाहुण्याच्या स्वागताला दुर्बिणी घेऊन शेकडो माणसे जमतात. यजमान बारमाही असल्याने त्याच्याकडे कुणी बघत नाही.

त्यातून एक विचित्र गोष्ट घडते आहे. खाडीत भराव पडतो, गाळ येतो, प्रवाह मंदावतो, चिखलाची पातळी उंचावते. उंचावलेल्या चिखलावर तिवरांची रोपे सहज रुजतात. ठाणे खाडीत खारफुटी वाढली आणि उघडा चिखल व पाणी आटले, असे खाडीच्या अभ्यासकांचे निरीक्षण आहे. नकाशावर हिरवा रंग वाढला की आपण टाळ्या वाजवतो. पण निवटीला हवी असते मोकळी, ऊन पडणारी, दिवसातून दोनदा भिजणारी जमीन. मुळ्यांच्या जंगलात तिचे शेत पिकत नाही. खारफुटी तोडा असे आम्ही चुकूनही म्हणणार नाही. गाळाचा उगम शोधा, एवढेच म्हणू. तो उगम तिवरांत नाही. रात्री काठाकाठाने रिकाम्या होणाऱ्या राडारोड्याच्या डंपरांत आहे.

मुळात आपल्या भाषेलाच या जागेची अडचण होते. ती धड पाणी नाही, धड जमीन नाही. जुन्या शब्दांत ती खाजण होती, आणि खाजणाला मोल होते: मिठागरे, खारभाताची शेते, कोळंबीची बांदणे. खारेगावाच्या तर नावातच खार आहे. पुढे १९४८ आणि १९७९च्या खारजमीन कायद्यांनी खारीचा विचार केला तो ती सुधारून शेतीला आणण्याच्या दृष्टीने. शहर आल्यावर शेती गेली आणि उरली ती नुसती पडीक जागा. बोलताना लोक सहज म्हणतात, "तिकडे काही नाही, नुसता चिखल आहे." हे 'काही नाही' फार महागात पडते. जिथे काही नाही तिथे काहीही करता येते.

किनारा नियमन क्षेत्राच्या २०११च्या आणि नंतरच्या २०१९च्या अधिसूचनेत चिखलपट्ट्यांना सर्वांत कडक संरक्षणाच्या वर्गात टाकले आहे, पण एका विशेषणासह: 'जैविकदृष्ट्या सक्रिय' चिखलपट्ट्या. म्हणजे चिखल जिवंत आहे हे कुणीतरी दाखवून द्यायचे. झाड उपग्रहाच्या छायाचित्रात दिसते, पक्षी दुर्बिणीतून दिसतो. चिखल जिवंत असल्याचा पुरावा मात्र चिखलाजवळ जाऊन, हलता न, दहा मिनिटे उभे राहिल्याशिवाय मिळत नाही. तो पुरावा म्हणजे निवटी. म्हणून १८३७ सालच्या त्या ग्रंथातला मुंबईचा उल्लेख आम्हांला मोलाचा वाटतो. या चिखलाला कागदोपत्री एक रहिवासी आहे, आणि त्याची नोंद पुलांच्या, रुळांच्या, कारखान्यांच्या, आमच्या इमारतीच्याही आधीची आहे.

जपानमध्ये या रहिवाशाला खरोखरीच न्यायालयात नेले गेले. तिथल्या आरिआके समुद्राच्या विस्तीर्ण चिखलावर निवटीचा चुलत भाऊ राहतो. त्याला मुत्सुगोरो म्हणतात आणि भाजून आवडीने खातात. इसाहाया आखात बांध घालून तोडायचे ठरले तेव्हा १९९६ साली दाखल झालेल्या दाव्यात वादींमध्ये मुत्सुगोरोचेही नाव होते. माशाला दावा लावता येत नाही, हे न्यायालयाला वेगळे सांगावे लागले नसेल. एप्रिल १९९७ मध्ये २९३ पोलादी दारे एकामागून एक समुद्रात कोसळली, आतला चिखल सुकून भेगाळला, आणि त्यात मुत्सुगोरो मेले. हा प्रसंग तिथल्या दूरचित्रवाणीने देशभर दाखवला. बांधाविषयीचे खटले पुढे कित्येक वर्षे चालले. आम्हांला यातला पराभव लक्षात राहत नाही. लक्षात राहते ते हे, की एका संपूर्ण देशाला चिखलातल्या एका वीतभर माशाचे नाव ठाऊक होते.

आपल्याकडे ते ठाऊक आहे मावशींना. त्यांच्याकडे घड्याळाची भरती-ओहोटीची तालिका नाही. कोळ्यांचा जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा. पण अष्टमीला भांगाचे पाणी. ते फारसे चढत नाही आणि फारसे उतरतही नाही, चिखल थोडाच उघडतो. निवट्यांसाठी उधाणाचे दिवस बरे, पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासचे. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. सव्वाअकराला भरती, म्हणजे साडेपाचच्या सुमारास ओहोटी. कळवा खाडीच्या पार टोकाला असल्याने इथे पाणी उतरायला त्याहून थोडा उशीर. तांबडे फुटता फुटता मावशी चिखलात असतात आणि साडेआठपर्यंत टोप घेऊन रस्त्यावर. अमावास्येच्या दुसऱ्या दिवशीही जावे, पण नऊच्या आत. वाटे चार-पाचच असतात.